‘पुन्हा नांदायला लागली’, त्याच्या पुढचं

नाशिकरोडहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश देते.

ताईंचं वय ४३. बी.कॉम. झाल्यावर एका पतसंस्थेत लागल्या, त्याला १९ वर्षं झाली. मिस्टर सातपूरला कंपनीत, मुलगा बारावीला, सासूबाई सोबत राहतात. नात्यागोत्यात कुठे वाजलं की पहिला फोन ताईंना येतो. भावाभावांची वाटणी, जावा-जावांचं भांडण, कॉलेजातल्या मुलाचं वडिलांशी बिनसणं, सगळ्यात त्या पडतात आणि बहुतेक वेळा निभावूनही नेतात. तीन वर्षांपूर्वी नणंदेची मुलगी सिन्नरहून लहान लेकराला घेऊन सिडकोत माहेरी निघून आली. घरच्यांनी हात टेकले. ताईंनी दोन्हीकडच्या मोठ्यांशी बोलणी केली, भाचीची समजूत घातली आणि आठ दिवसांत तिला स्वतः सासरी सोडून आल्या. ‘आज ती सुखाने नांदते आहे. तेव्हापासून वाटतं, हेच आपलं काम,’ असं त्या लिहितात. आता त्यांनी सहा आठवड्यांचा एक ऑनलाइन कोर्स पाहिला आहे. ‘प्रमाणित कौटुंबिक समुपदेशक’ असं प्रमाणपत्र मिळतं, फी ४५ हजार रुपये. कोर्स करायचा, नोकरी सोडायची, गंगापूर रोडला छोटी जागा भाड्याने घ्यायची असा बेत आहे. मिस्टर मात्र म्हणाले, ‘आधी आपल्या घरातला अबोला सोडव, मग लोकांचे संसार सावर.’ सासूबाई आणि ताई दिवाळीपासून एकमेकींशी बोलत नाहीत. ‘माझ्याच घरी असं असताना मला हा अधिकार आहे का? आणि यावर पोट भरतं का?’ असं त्यांनी विचारलं आहे.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी अडले. ‘आज ती सुखाने नांदते आहे.’ हे तुम्हाला कोणी सांगितलं? भाचीने, की तिच्या आईने? की ती परत माहेरी आली नाही, यावरून तुम्हीच तसं धरून चाललात?

तुमची उलटतपासणी घ्यावी म्हणून हे विचारत नाही. तुम्ही जे केलंत ते जीव लावून केलंत. आठ दिवस रजा काढून, दोन्ही घरांचं बोलणं ऐकून घेऊन केलंत, हे पत्रातून दिसतं. पण ज्या कामाला तुम्ही उरलेलं आयुष्य द्यायला निघाला आहात, त्या कामातला सगळ्यात अवघड प्रश्न नेमका याच वाक्यात आहे. म्हणून फी, कोर्स, जागा हे सगळं मागे ठेवून आधी इथे थांबू.

आपल्या भाषेत ‘नांदणं’ हे क्रियापद लग्नाच्या बाबतीत बाईलाच लागतं. मुलगी नांदायला जाते, नवरा तिला नांदवतो किंवा नांदवत नाही. कोर्टात हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली दावा पडला की गावाकडे लोक म्हणतात, ‘नांदायला यावं म्हणून केस टाकली.’ त्यामुळे ती परत गेली, घराचं दार लागलं, की आपल्या सगळ्यांच्या मनात प्रकरण मिटतं. दाराच्या आत काय चाललंय हे त्या शब्दात कुठेच येत नाही.

मी समुपदेशनाच्या कामात आले तेव्हा जिथे काम करत होते तिथे एक मोठं रजिस्टर होतं. शेवटच्या रकान्यात ‘तडजोड झाली’ असं लिहायला मिळालं की दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटायचा. एका बाईंच्या नावापुढे मी ते लिहिलं होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला गेल्या, दसऱ्याच्या सुमारास परत आल्या. हाताला प्लास्टर होतं. मी म्हटलं, ‘तुम्हीच तर म्हणाला होतात, जाते म्हणून.’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही विचारलंत तेव्हा सासरे शेजारच्या खुर्चीवर बसले होते.’ मी त्यांना एकदाही एकटीला भेटले नव्हते. दोन्ही पक्ष समोरासमोर बसवायचे, मध्यम मार्ग काढायचा, हीच माझी समुपदेशनाची कल्पना होती. ते रजिस्टर पुढे मी नऊ वर्षं भरलं, पण तो रकाना भरताना पुन्हा कधी तसा आनंद झाला नाही.

तुम्ही भाचीशी एकटीशी बोलला होतात का? आणि बोलला असाल तर ‘जाऊ नकोस’ हे उत्तर तिला देता येईल इतकी मोकळीक त्या बोलण्यात होती का? माहेरचे थकलेले, वहिनीची कुरकुर सुरू झालेली, लेकरू लहान, आणि समोर सगळ्यांची लाडकी मामी. अशा वेळी मुलगी ‘हो’ म्हणते. तो होकार तिचा असेल, नाहीतर परिस्थितीचाही असेल. आणि नात्यातल्या माणसाला हा फरक कळणं फार कठीण, कारण नातं स्वतःच त्या परिस्थितीचा भाग असतं.

कायद्यानेही समेटाचा असा आंधळा आग्रह धरलेला नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. त्याच्या कलम ९ प्रमाणे समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे, पण ‘प्रकरणाचं स्वरूप आणि परिस्थिती पाहून शक्य असेल तिथे’. आणि कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तर आणखी स्पष्ट आहे. त्याखालच्या २००६ च्या नियमांत १४ वा नियम समुपदेशकासाठीच आहे. समुपदेशन चालू असताना हिंसा करणार नाही, अशी हमी सामनेवाल्याने आधी द्यायची. आणि ‘मी का मारलं’ याचं समर्थन त्याला समुपदेशनात मांडू द्यायचं नाही. ‘तीही उलट बोलते’, ‘स्वयंपाक वेळेवर होत नाही’ हे ऐकून घेऊन दोघांच्या चुकांची बेरीज-वजाबाकी करायला तिथे जागाच नाही. मारहाणीच्या प्रकरणात समुपदेशकाने तटस्थ राहून दोन्ही बाजू सारख्या तोलायच्या नसतात. आपल्या बैठकीतली मोठी माणसं तेच करतात आणि त्याला समजूतदारपणा म्हणतात.

म्हणून तुमच्या पहिल्या समजुतीला हात घालते. लोक तुमच्याकडे सल्ला मागायला येतात, तुम्ही सल्ला देता, तो लागू पडतो, म्हणजे तुम्ही अर्ध्या समुपदेशक आहातच, उरलेल्या अर्ध्याचं प्रमाणपत्र घ्यायचं, असं तुम्हाला वाटतं. मला उलट वाटतं. ज्या गुणासाठी नातेवाईक तुमचं कौतुक करतात तोच गुण प्रशिक्षणात सोडायला लावतात. प्रश्न ऐकता ऐकता तोडगा सुचणं, ‘तू असं कर’ म्हणणं, दोन्हीकडे फोन करून गाठ मारणं, हे सगळं. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलींमध्ये जी सगळ्यात बोलकी, प्रेमळ, घरात सगळ्यांची आधार असते, तिलाच पहिले सहा महिने सगळ्यात जड जातात. समोरची बाई रडायला लागली की तिचा हात आपोआप पुढे जातो आणि तोंडातून ‘होईल सगळं नीट’ निघतं. तिथेच त्या बाईचं बोलणं खुंटतं.

मग समुपदेशक करते तरी काय? एक उदाहरण देते, ओळखीच्या खुणा काढून. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरातलं जोडपं. तो अंबडला तीन पाळ्यांत काम करणारा, ती शिवणकाम करणारी. तक्रार अशी की ‘हा बोलतच नाही’. मी अशा वेळी आधी विचारते, ‘तुम्ही बोलता कुठे?’ दोघं एकमेकांकडे बघायला लागले. पुढच्या खोलीत आई-वडील, आत मुलं, भिंतीपलीकडे शेजारी. गेल्या सहा वर्षांत त्यांचं जे काही बोलणं झालं ते मोटारसायकलवर, हेल्मेटमधून. त्यांना मी सल्ला दिला नाही. आठवड्यातून एक तास माझ्या खोलीत ते एकमेकांशी बोलले आणि दुसरं वाक्य सुरू होण्याआधी पहिलं पुरं होऊ देण्याचं काम मी केलं. चौथ्या भेटीत कळलं की खरी गोष्ट न बोलण्याची नव्हतीच. त्याने भावाला जामीन राहून कर्ज काढून दिलं होतं आणि ते तिला माहीत नव्हतं.

निफाड-दिंडोरीकडची कुटुंबं येतात तेव्हा भांडण सासू-सुनेचं म्हणून येतं. दोन-तीन भेटींनंतर खाली गारपिटीत गेलेला माल निघतो, सोसायटीचा हप्ता निघतो, संध्याकाळची बाटली निघते. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या आणि काढणीच्या दिवसांत ही माणसं भेटीच्या तारखा पाळत नाहीत, आणि ‘यांना सुधारायचंच नाही’ असं नवख्या समुपदेशकाला वाटतं. पुस्तकात हे नसतं, पण नाशिकमध्ये काम करायचं तर बागेचं वेळापत्रक पाठ हवं. कौटुंबिक म्हणजे फक्त नवरा-बायको, असंही समजू नका. पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांचे इथे एकटे पडलेले आई-वडील, दहावीच्या मुलाचा मोबाइल, दारू, दुसरं लग्न, आजारी माणसाची काळजी कोणी घ्यायची, हे सगळं या खोलीत येतं. आणि कधी कधी दोघांना नीट वेगळं होता यावं, मुलाने शनिवार-रविवार कोणाकडे राहायचं हे त्याच्यादेखत न भांडता ठरावं, यासाठीही समुपदेशन असतं. संसार मोडला तरी ते काम नीट झालेलं असू शकतं. तुम्हाला हे मान्य होईल का, याचा आतापासून विचार करा.

हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे असं घरी कोणी म्हणालं, तर त्यांना अमृतसरची गोष्ट सांगा. १९५० च्या दशकात तिथल्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून सोबत राहायला बोलावलं. आजार एकाचा असला तरी बरं होण्यात घर सहभागी असतं, हे आपल्याकडे तेव्हा करून दाखवलं गेलं होतं.

आता मिस्टरांचं वाक्य.

ते तुम्हाला लागलं, हे पत्राच्या अक्षरातही दिसतं. तिथून पुढे शाई बदलली आहे. पण त्या वाक्यात ‘सोडव’ असा एकवचनी हुकूम आहे, तो पुन्हा वाचा. अबोला दोघींचा, घर तिघा-चौघांचं, आणि सोडवायचा तो तुम्ही एकटीने, कारण तुम्ही ‘समजूतदार’. मरे बोवेन नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने कुटुंबातल्या त्रिकोणाची कल्पना मांडली. दोघांमधला ताण सहन होईनासा झाला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं आणि ताण तिघांत वाटला जाऊन तसाच टिकून राहतो. तुमच्या घरी दिवाळीपासून निरोप कोण पोचवतं? ‘आईला सांगा, दूध तापवलंय’, ‘तिला विचार, डबा भरला का’ हे कोणाच्या तोंडून जातं? मिस्टरांच्या असेल तर त्यांचं ते वाक्य टोमणा म्हणून न ऐकता दमलेल्या निरोप्याचं म्हणून ऐकून बघा. मुलाच्या तोंडून जात असेल तर मात्र ते आजच थांबवा. बारावीच्या पोरावर हे ओझं नको.

आणि अधिकाराचं म्हणाल, तर ज्याच्या घरात भांडण नाही अशानेच या खुर्चीवर बसायचं ठरवलं तर महाराष्ट्रातली सगळी समुपदेशन केंद्रं उद्या बंद होतील. घर निर्दोष असावं लागत नाही. आपलं दुखणं कुठे आहे, ते मात्र माहीत असावं लागतं. माझं सांगते. वडिलांच्या घरावरून माझ्या भावात आणि माझ्यात बरीच वर्षं कटुता होती, हक्कसोडपत्रावर सही करण्यावरून. त्याच काळात माझ्याकडे दोन भाऊ आणि एक बहीण अशी शेतीच्या वाटणीची केस आली. तिसऱ्या भेटीनंतर आमच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, ‘तुझी खुर्ची बघ.’ पहिल्या दिवशी मधोमध ठेवलेली माझी खुर्ची बहिणीच्या बाजूला हातभर सरकली होती. मला कळलंही नव्हतं. त्यांनी ती केस दुसऱ्या सहकारी बाईंकडे दिली. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले, आणि त्यानंतरच मी स्वतः एका समुपदेशकाकडे जायला लागले.

तुम्हालाही तेच सुचवते. कोर्सच्या आधी चार-सहा भेटी स्वतःसाठी घ्या, अबोल्याचा विषय घेऊन. सासूबाईंना तिथे नेऊ नका आणि घरी त्यांचं ‘समुपदेशन’ करायलाही जाऊ नका. समोरच्या खुर्चीवर बसल्यावर कसं वाटतं हे एकदा अंगावर घ्या. लोक विषय का टाळतात, फी देताना का संकोचतात, मधली एक भेट का बुडवतात, हे आतून कळेल. त्यातून अबोला सुटला तर छान. न सुटला तरी तुम्ही या कामाला अपात्र ठरत नाही.

शिक्षणाचं आता सरळ सांगते. सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर ४५ हजार घालू नका. अशा प्रमाणपत्रावर नोकरी मिळणार नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्याला काय येत नाही हेही सहा आठवड्यांत कळत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नुसतं ‘समुपदेशक’ म्हणून पाटी लावायला आजवर कोणी अडवत नव्हतं, त्यामुळे असे कोर्स बोकाळले. २०२१ च्या सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात मात्र वर्तनविषयक आरोग्य सेवांखाली समुपदेशकही आले आहेत. वीस वर्षं काम करायचं तर पाया पक्का हवा.

दोन रस्ते आहेत. एक समाजकार्याचा, म्हणजे एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षं, पूर्णवेळ, त्यात प्रत्यक्ष वस्तीत किंवा संस्थेत क्षेत्रकार्य करावं लागतं. आपल्या नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाचं समाजकार्य महाविद्यालय आहे. बी.कॉम.वर प्रवेशाची काय अट आहे ते तिथे जाऊन समक्ष विचारा. कुटुंबांसोबत, कोर्टात, पोलिसांच्या कक्षात काम करायचं असेल तर हा रस्ता मला जास्त योग्य वाटतो. राज्यातल्या कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशकांची पदं असतात, आणि तिथेही समाजकार्याची पदव्युत्तर पदवी व कुटुंबांसोबत काम केल्याचा अनुभव मागतात. दुसरा रस्ता मानसशास्त्रात एम.ए. आणि त्यावर समुपदेशनाचं पर्यवेक्षित, म्हणजे अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखालचं प्रशिक्षण. मुक्त विद्यापीठ गावातच असल्यामुळे घरबसल्या मानसशास्त्र करता येईल का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२५ मध्ये मानसशास्त्र दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवणं बंद करायला सांगितलं आहे. तेव्हा अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी त्या संस्थेकडून यूजीसीची परवानगी लेखी मागा.

दोन्ही रस्त्यांना वेळ लागतो, हे मला कळतं. म्हणूनच आज नोकरी सोडू नका. मुलाची बारावी होऊ द्या. तोवर एक वर्ष या कामाच्या जवळ जाऊन बघा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ‘विधी स्वयंसेवक’ नेमतं. त्याला कायद्याची पदवी लागत नाही, थोडं प्रशिक्षण देतात आणि कामाच्या दिवसाचं मानधन मिळतं. भरती कधी असते ते जिल्हा न्यायालयात चौकशी केली की कळेल. कोर्टाच्या आवारात कागद हातात धरून गोंधळलेली बाई तुम्हाला रोज दिसेल. महिला व मुलांसाठीचा विशेष सहाय्य कक्ष ही कल्पना १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलिस आयुक्तालयात सुरू केली. पोलिसांच्याच इमारतीत बसून पोलिस नसलेल्या समाजकार्यकर्त्या बाईचं ऐकून घेतात. पुढे ती राज्यभर पसरली. अशा एखाद्या कक्षातल्या ताईंना भेटा, त्यांचा दिवस कसा जातो ते विचारा. प्रकरणं मात्र बघायला मागू नका, ती त्यांना दाखवता येणार नाहीत, आणि दाखवली तर तिथून उठून या.

गुप्ततेचं तुम्ही पत्रात काहीच विचारलं नाही, पण तीच तुमची मोठी अडचण ठरेल. व्यावसायिक समुपदेशक नात्यातल्या माणसाची केस घेत नाही. म्हणजे आज जे जे तुम्हाला फोन करतात ते सगळे त्या दिवसापासून बंद, किंवा फार तर दुसऱ्या कोणाचा पत्ता घेऊन जाणारे. नाशिक एवढंही मोठं नाही. ज्यांचं ऐकलं ते उद्या भाजी घेताना भेटणार, लग्नात पंगतीला शेजारी बसणार, आणि त्यांनी ओळख दाखवल्याशिवाय तुम्ही दाखवायची नाही. नवऱ्यालाही सांगायचं नाही. गुप्ततेला अपवादही आहेत, ते पहिल्याच भेटीत सांगायचे. जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही, आणि मुलाचं लैंगिक शोषण झाल्याचं कळलं तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं मला बंधनकारक आहे, हे आधी बोललेलं असलं की पुढे विश्वासघात होत नाही.

आता पोटाचं. हिशेब तुमच्या रोजच्या कामातला, म्हणून थोडक्यात मांडते. समजा, एका भेटीचे ७०० रुपये ठरवले आणि आठवड्याला आठ भेटी झाल्या, तर चार आठवड्यांचे २२,४०० होतात. गंगापूर रोडच्या जागेला १० हजार भाडं धरलं तर हातात उरतात १२,४००, त्यातून वीजबिल, येणं-जाणं आणि पर्यवेक्षणाची फी. आणि पहिल्या वर्षी आठवड्याला आठ भेटी होत नाहीत. जास्त भेटी घेऊ म्हणाल, तर दिवसाला चार-पाच कुटुंबांपलीकडे नीट ऐकता येत नाही, प्रत्येक भेटीनंतर नोंद लिहायला वेळ हवा. त्यामुळे सुरुवातीला स्वतःची जागा घेऊच नका. ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात किंवा वकिलांच्या ऑफिसात संध्याकाळचे दोन दिवस तासाने खोली मिळते. तिचं दार बंद होतं का आणि बाहेरच्या बाकावर आवाज जातो का, एवढं बघा. शाळा, दवाखाने, संस्था, कंपन्या इथे पगारी किंवा मानधनावर काम असतं, पण पगार तुमच्या पतसंस्थेपेक्षा कमी असण्याची तयारी ठेवा. मी हे घाबरवायला सांगत नाही. पैशाची ओढाताण असलेली समुपदेशक नकळत भेटी लांबवते, आणि त्याची किंमत समोरचं कुटुंब मोजतं.

हे वाचूनही ओढ वाटत असेल तर जरूर या. ४३ हे वय या कामाला अजिबात उशिराचं नाही. पतसंस्थेत १९ वर्षं थकबाकीदाराच्या तोंडाकडे बघून त्याच्या घरात काय चाललं असेल याचा अंदाज तुम्ही घेत आला आहात. हप्त्याची भाषा कळणारी समुपदेशक या जिल्ह्याला हवीच आहे.

पण आधी एका रविवारी सिन्नरला जा. मोकळ्या हाताने, कसलाही तोडगा मनात न ठेवता. भाचीला घरातल्यांसमोर काही विचारू नका. ‘चल, गोंदेश्वराला जाऊन येऊ’ म्हणा. देवळाचं आवार मोठं आहे, पोरगं दगडांवरून खेळेल, दोघींना बसता येईल. ‘सुखात आहेस ना?’ असं विचारू नका, त्या प्रश्नाला ‘हो’शिवाय दुसरं उत्तर देता येत नाही. तिला विचारा, ‘त्या आठ दिवसांत माझ्याकडून तुझं काय ऐकायचं राहिलं?’ आणि मग गप्प बसा. कदाचित ती म्हणेल, मामी, बरं झालं तुम्ही मला सोडायला आलात. कदाचित ती काहीच बोलणार नाही, तर तिला बोलतं करायच्या मागे लागू नका, पुन्हा एकदा जा. आणि तिच्या बोलण्यात मारहाण आली, भीती आली, तर तिथल्या तिथे काही ठरवू नका. महिला हेल्पलाइनचा १८१ आणि तातडीचा ११२ हे नंबर तिला पाठ करून द्या, आणि तिने सांगितल्याशिवाय तिच्या आईलासुद्धा एक शब्द बोलू नका.

तिने काय सांगितलं ते मलाही कळवू नका, ते तिचं आहे. तिचं बोलणं न तोडता तुम्हाला किती वेळ बसता आलं, तेवढं लिहा.